दुसऱ्या मजल्यावरची गादी

मी रोज ज्या खुर्चीवर बसतो, तिथे पूर्वी गादी होती. पांढऱ्या अभ्र्याची, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मागे लोड लावलेली. आता तिथे टाइल्स आहेत, प्लायवुडचं पार्टिशन आहे आणि माझं टेबल आहे. नगरच्या कापडबाजाराजवळची ही चार मजली इमारत. पूर्वी अख्खी इमारत म्हणजे एकच दुकान होतं. आता तिच्यात सतरा ऑफिसं आहेत.

मी बी.कॉम. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्याच्याशी त्याचा संबंध आहे. याच जागेवर बावीस वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचा बस्ता झाला. साड्या दाखवायला मीच बसलो होतो. तिला हे लग्न नको आहे, हे त्या दुपारी मला दिसलं होतं. दिसलं होतं, एवढंच मी तिला बावीस वर्षं सांगितलं नाही.

आधी दुकानाचं सांगतो.

तळमजल्यावर सूटिंग-शर्टिंग, टॉवेल, चादरी, सतरंज्या. पहिल्या मजल्यावर रेडिमेड. दुसऱ्यावर साड्या आणि बस्ता. तिसऱ्यावर शेठचं ऑफिस, आम्हा नोकरांची डबे खायची खोली आणि एक मोठं स्वयंपाकघर. बस्त्याला आलेल्या मंडळींना दुकानच जेवू घालायचं. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, बुंदी. शेवगाव, पाथर्डी, जामखेड, श्रीगोंदा, कुठून कुठून टेम्पो भरून लोक यायचे. नवरीकडचे वीस, नवऱ्याकडचे पंचवीस. सकाळी दहाला आले की दिवेलागणीला गाठोडी बांधून निघायचे.

लिफ्ट होती. बाजारात तेव्हा दुसऱ्या कुठल्या दुकानाला लिफ्ट नव्हती. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका लिफ्टमध्ये शिरताना चपला बाहेर काढायच्या, देवळात शिरावं तशा. वर आल्यावर त्यांच्या लक्षात यायचं की चपला खालीच राहिल्या. मग एकीनं सगळ्यांच्या चपला आणायला खाली जायचं, आणि तीही जाताना लिफ्टमधून जायची आणि येताना घाबरून जिन्यानं यायची. आमचा लिफ्टवाला कधी हसला नाही. तो म्हणायचा, दुकानाला कुणी पाया पडून आत येत असेल तर येऊ दे की.

मी नोकरीला लागलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. निकाल लागून आठ महिने झाले होते आणि बँकेच्या दोन परीक्षा देऊन झाल्या होत्या. वडील शुगर फॅक्टरीत वजनकाट्यावर कामाला. त्यांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र काचेत बसवून आणलं होतं आणि येईल त्याला ते भिंतीवरून काढून हातात देत होते. अशा माणसाच्या मुलानं कापडदुकानात साड्या उलगडायच्या, हे मला जड गेलं. शेठनी विचारलं, काय येतं. मी म्हणालो, पदवीधर आहे. शेठ म्हणाले, ते ठीक आहे, मांडी घालून आठ तास बसता येतं का.

पहिल्याच दिवसापासून माझं नाव बीकॉम पडलं. बीकॉम, नऊवारीचा गठ्ठा दे. बीकॉम, घडी उलटी घातली रे. गादीवर एक काका होते, तीस वर्षं साड्याच दाखवत आलेले. सातवी नापास. त्यांनी मला धंदा शिकवला. साडी फेकायची कशी, म्हणजे ती हवेत उघडून पदर बरोबर गिऱ्हाइकाच्या गुडघ्यापाशी येऊन पडते. नवऱ्या मुलाच्या आईला आधी कुठली दाखवायची. भांडण व्हायला लागलं की चहा कधी मागवायचा.

आणि हात बघायला शिकवलं.

बस्त्यात नवरी मुलगी बोलत नाही. आमच्याकडे तशी रीतच होती. तिची साडी सासरच्यांनी घ्यायची, पसंत त्यांनी करायची, तिला शेवटी विचारायचं, आवडली का, आणि तिनं मान हलवायची. मान सगळ्याच हलवतात. काका म्हणाले, "तोंडाकडं बघू नको, बीकॉम. नवरीचं तोंड त्या दिवशी सासरचं असतं. हाताकडं बघ. आवडलेल्या कापडाला हात लागल्याशिवाय राहत नाही. नुसतं बोट टेकवील, पण टेकवील. आणि हात मांडीवरून उठलाच नाही, तर समज, आवडलं नाही. दुसरं काढ."

मी बघायला लागलो आणि खरंच तसं होतं. पन्नास माणसांच्या गलक्यात नवरीचा एक हात हळूच पुढे यायचा. दोन बोटांत काठ धरून सोडून द्यायचा. मी तीच साडी परत वर काढायचो, सासूबाईंसमोर धरायचो, त्यांनाच ती सुचली असं त्यांना वाटेल असं बोलायचो. सौदा मिटायचा. काका लांबून मान डोलवायचे.

त्या दिवाळीला मी गावी गेलो तेव्हा हे घरी सांगितलं. जेवणं झाली होती. वडील, आई, बहीण आणि मी. मला काहीतरी येतं हे घरच्यांना कळावं, असं मला वाटत होतं. कॉलेजात काय शिकलो ते त्यांना सांगता येत नव्हतं, हे सांगता येत होतं. वडिलांना फार गंमत वाटली. ते आईला म्हणाले, तुझी लुगडी काढ, बघू. आईच्या दोन-तीन साड्या आल्या. बहीण नवरी झाली. मी मांडी घालून एक साडी फेकली. बहिणीनं हात मांडीत घट्ट धरून ठेवले आणि माझ्याकडे बघत बसली. मी दुसरी फेकली. तरी नाही. तिसरी आईची जुनी हिरवी इरकल होती. तिच्यावर तिनं पालथा हात सपकन ठेवला आणि हसली. वडील म्हणाले, धंदा आला पोराला.

बहीण तेव्हा बारावी झालेली. तिला माझ्यापेक्षा जास्त टक्के पडले होते. डी.एड.ला जायचं म्हणत होती. त्या वर्षी प्रवेश लांबले होते, आणि त्याच दिवाळीत तिनं फॉर्म माझ्याकडे दिला. इंग्रजीत भरायचा होता आणि नगरलाच द्यायचा होता. म्हणाली, दादा, तूच भर, तुला सगळं ठावं हाय. मी तो माझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवला.

पंधरा दिवसांत तिला स्थळ आलं. खर्ड्याकडचं. मुलगा शेती बघणारा, घर चांगलं, माणसं चांगली. वडिलांनी मला विचारलं. मी शिकलेला, म्हणून आता मला विचारायचे. फॉर्म माझ्या बॅगेत होता. मी म्हणालो, चांगलं स्थळ सोडू नये. शिकायचं काय, लग्नानंतरही शिकता येतं. बहीण चुलीपाशी होती. तिला हे ऐकू गेलं. मी तिला वेगळं काही विचारलं नाही.

बस्ता आमच्याच दुकानात करायचा हे मीच ठरवलं. शेठनी परवानगी दिली. काका म्हणाले, बहिणीचा बस्ता आहे, तूच काढ, मी शेजारी बसतो. वडील पांढरं धोतर नेसून आले होते. गादीवर बसले आणि त्यांनी अभ्र्यावरून हात फिरवला. माझ्या पोराची जागा, असं त्यांना शेजारच्यांना सांगताना मी ऐकलं.

आधी देवाचा खण काढला. नारळ फोडला, कापडाला कुंकू लावलं. मग मानपानाच्या साड्या. जेवणं झाली. जेवणानंतर नवरीच्या साड्या सुरू झाल्या. माझ्यासमोर बहीण, तिच्या एका बाजूला आई आणि आत्या, दुसऱ्या बाजूला तिची होणारी सासू आणि जाऊ. माझ्या मागच्या खांबाला माणूसभर उंचीचा आरसा होता.

मी पहिली साडी फेकली. पदर बरोबर तिच्या गुडघ्यापाशी पडला. तिचे दोन्ही हात मांडीत होते. एकात एक धरलेले. दुसरी फेकली. पाचवी फेकली. दहावी. समोर ढीग झाला. सासू हात लावत होती, जाऊ लावत होती, आत्या तर साड्या उलट्यासुलट्या करून बघत होती. बहिणीचे हात होते तिथेच होते.

विसाव्या-बाविसाव्या साडीला काका माझ्या कानाशी वाकले. म्हणाले, "बीकॉम, थांब. पोरगी हात लावत नाही."

मी म्हणालो, "लाजते, काका."

काका मागे सरकले.

मी अजून साड्या काढल्या. चाळीसेक झाल्या असतील. गोदामातून नवे गठ्ठे मागवले. मला वाटत होतं एक तरी साडी असेल. खरं तर मला तसं वाटत नव्हतं. पण हात थांबत नव्हते, इतकंच आठवतं. शेवटी सासूबाईंनी आंबा रंगाचा एक शालू उचलला आणि म्हणाल्या, ह्यो बरा वाटतोय, अंगावर टाकून बघा. ते काम दाखवणाऱ्याचं. मी गुडघ्यावर उठलो आणि शालू बहिणीच्या खांद्यावर टाकला. बायका म्हणाल्या, शोभतंय. आईनं डोळे पुसले. बहिणीनं वर बघितलं. मागच्या आरशात नाही, शालूकडे नाही, माझ्याकडे. मग तिला विचारलं, आवडला का. तिनं मान हलवली.

मी घडी घातली आणि पुढची मागणी विचारली.

संध्याकाळी डब्याच्या खोलीत गेलो. बॅग खिळ्याला होती. पुढच्या कप्प्यात फॉर्म होता. मुदत अजून चार दिवस होती.

लग्न झालं. आता काहीतरी वाईट झालं असेल असं कुणाला वाटेल. काही वाईट झालं नाही. मेहुणे सरळ माणूस आहेत. दारू नाही, मारहाण नाही. घरचं खाऊन-पिऊन बरं आहे. तिला एक मुलगी झाली. वर्षातून दोनदा ती माहेरी यायची, राखी बांधायची, ओवाळायची, भाऊबीजेला मी देईन ती साडी घ्यायची. छान आहे म्हणायची. शिकण्याचं तिनं परत काढलं नाही. मीही काढलं नाही. फॉर्म बॅगेतून कधी गेला, मला आठवत नाही.

मी पुढे एकोणीस वर्षं त्या गादीवर होतो. काका गेल्यावर त्यांची जागा मला मिळाली. हात बघण्यात माझा हातखंडा आहे असं बाजारात बोललं जायचं. बहिणीसारखे हात मी त्यानंतरही बघितले. फार नाही, पण बघितले. मांडीत एकात एक धरलेले. काकांनी शिकवलं होतं, हात नाही लागला तर दुसरं काढ. मी दुसरं काढत राहिलो. मला त्याचं काही वाटायचं नाही. वाटायला पाहिजे होतं, हे मला कळत होतं.

मग बस्तेच कमी झाले. लोक सावेडीला, शहराच्या नव्या भागात जायला लागले, जिथे गाडी लावायला जागा असते. मुलं-मुली मोबाईलवर साड्या बघून यायची आणि फोटो दाखवून म्हणायची, सेम हीच आहे का. दोन्हीकडच्या पन्नास माणसांऐवजी चार माणसं यायची. स्वयंपाकघर आधी बंद झालं. मग लिफ्टवाला. लिफ्टमध्ये बटणांवर नंबर होतेच, आता माणसं चपला घालूनच चढत होती. तिसरा मजला बंद झाला, मग पहिला. टाळेबंदीत दुकान आठ महिने उघडलं नाही. उघडलं तेव्हा गादीला वास येत होता. शेठ वारले होते. त्यांच्या मुलांनी आम्हाला बोलावलं, नीट बोलले, म्हणाले, कापड आता परवडत नाही, इमारत भाड्याने देतो. खोटं बोलले नाहीत. आम्ही उरलेले सहा जण खाली आलो. कुणीतरी म्हणालं, चहा घेऊ. घेतला आणि घरी गेलो.

इमारतीचे नवे नकाशे ज्या आर्किटेक्टनी केले, त्यांना जुनी माहिती सांगणारा माणूस हवा होता. कुठली भिंत नंतरची, पाणी कुठून येतं, कुठल्या खांबात वायरी आहेत. शेठच्या मुलांनी माझं नाव सांगितलं. मी महिनाभर आर्किटेक्टच्या हाताखालच्या मुलांबरोबर टेप धरून फिरलो. मीटरनं कापड मोजायची सवय होती, भिंती मोजल्या. काम झाल्यावर साहेब म्हणाले, तुम्ही ग्रॅज्युएट आहात ना, आमची फाइलिंगची बाजू बघाल का. शिकल्याचा उपयोग बेचाळिसाव्या वर्षी झाला. आणि त्यांनी आपलं ऑफिस इथेच घेतलं, दुसऱ्या मजल्यावर. नकाशात गादीच्या जागेवर लिहिलं होतं, केबिन चार. केबिन चार म्हणजे मी.

शेजारी विमा एजंट, पलीकडे परदेशात शिकायला पाठवणारे, मग एक वकीलबाई, मग दातांचे डॉक्टर. छत खाली आणलंय, एसी आहे. खांबावरचा आरसा काढला नाही, तो काढताना फुटला असता. त्याच्यासमोर आता झेरॉक्स मशीन आहे. कागद घालताना माणूस केस नीट करून घेतो.

ऑफिस झाल्यापासून बहीण इथे कधी आली नव्हती. मी इथे काम करतो हे तिला माहीत होतं. गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी तिचा फोन आला. भाचीचं लग्न ठरलं होतं, ते मला माहीत होतं. त्या दिवशी सावेडीच्या एका दुकानात बस्ता होता. मला मामा म्हणून एक वाजता तिकडेच जायचं होतं. बहीण म्हणाली, आमी आधी तुझ्या हापिसात येतो, दोघीच.

साडेअकराला आल्या. भाची एकवीस वर्षांची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. मोबाईलवर सारखं काहीतरी लिहीत होती. बहीण दारात उभी राहिली. खाली टाइल्सकडे बघितलं, छताकडे बघितलं, मग खांबावरच्या आरशाकडे.

"हितंच ना?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "इथंच. तू बसली होतीस तिथं झेरॉक्स आहे."

ती बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, माझं एक काम हाय. तिनं भाचीकडे न बघता सांगायला सुरुवात केली. पोरीला विचारलं की पोरगी हो म्हणते. बापानं विचारलं तरी हो, आजीनं विचारलं तरी हो. परीक्षा दोन महिन्यांवर आहे, मग लग्न. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, चांगला आहे. पण पोरीचं हो तिला कळत नाही. खरं हो आहे की नुसतं हो आहे.

"तिकडं दुकानात पन्नास माणसं असतील," ती म्हणाली. "तितं बघून उपेग न्हाई. तू हितंच बघ. तुला हातावरनं कळतंय ना."

भाची म्हणाली, "आई, काय चाललंय तुझं?"

मी भाचीच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हातांत मोबाईल होता. अंगठे चालू होते. वाचण्यासारखं त्यात मला काही नव्हतं. एकोणीस वर्षांचं शिकलेलं त्या मोबाईलपाशी संपत होतं. मी खुर्ची जरा पुढे ओढली.

"मोबाईल खाली ठेव," मी म्हणालो. "तुला हे लग्न करायचंय का? नको असेल तर आत्ता सांग. मी एकटा तिकडे जाऊन सांगतो, बस्ता होणार नाही. तुझं नाव येणार नाही."

भाचीनं मोबाईल टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. तिला हसू येत होतं, पण आम्ही हसत नव्हतो म्हणून ती थांबली.

"करायचंय की, मामा. त्याच्याशीच बोलतेय आत्ता. तो म्हणतोय, पिवळी नको घेऊ." मग जरा वेळानं म्हणाली, "आणि एम.एस्सी. करणारे मी. ते त्याला आधीच सांगितलंय. नाहीतर हो म्हटलं नसतं."

बहिणीनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. भाची म्हणाली, खाली ज्यूसवाला आहे, मी तिथं थांबते, या तुम्ही. आणि गेली. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला.

आम्ही दोघंच राहिलो. शेजारी विमावाला फोनवर कुणाला तरी हप्ता भरायला सांगत होता. बहिणीचे हात मांडीत होते.

"त्या दिवाळीत तू घरी सांगितलं हुतंस," ती म्हणाली. "हाताचं. मी नवरी झाले हुते. आठवतं का?"

"आठवतं."

"मला वाटलं, दादाला कळंल. म्हून मी हात उचलला न्हाई. सगळ्यांच्या म्होरं मला दुसरं काय करता येत हुतं? तेवढंच येत हुतं. दिसभर धरून बसले. रात्री बोटं दुखत हुती."

मी तेव्हा काय केलं ते तिला माहीत होतं. त्या दिवशी ती समोरच बसली होती.

मी म्हणालो, "मला दिसलं होतं."

तिनं पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला.

"काकांनाही दिसलं होतं. ते मला थांब म्हणाले. मी म्हणालो, लाजते."

"मंग थांबला का न्हाईस?"

बावीस वर्षांत मी याची बरीच उत्तरं तयार केली होती. वडिलांची अब्रू, टेम्पो भरून आलेली माणसं, शेठ काय म्हणतील. ती सगळी खरी होती. पण ती उत्तरं देणारा माणूस शिकलेला वाटला असता, म्हणून मी दिली नाहीत.

"तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, रडेल, किंवा उठून जाईल. मलाही काहीतरी व्हायला पाहिजे होतं. झालं नाही. झेरॉक्सवर कुणीतरी कागद घातला आणि मशीन चालू झालं.

"तेवढंच व्हय," ती म्हणाली. पदर सारखा केला. "चल. त्ये लोक आले असतील."

ती जिन्यानं उतरली. मी तिच्या मागे.

सावेडीच्या दुकानात गादी नाही. काउंटर आहेत, स्टुलं आहेत, वरून लाईट पडतात. भाचीनं वीस मिनिटांत आपली साडी घेतली, जांभळी. फोटो काढला, पाठवला, तिकडून अंगठा आला, झालं. मग मानाच्या साड्या निघाल्या. मुलीच्या आईला नवऱ्या मुलाकडून एक साडी असते. विहीणबाई हौशी होत्या. त्यांनी बहिणीला स्टुलावर बसवलं आणि साड्या दाखवणाऱ्याला म्हणाल्या, चांगल्यातली काढा.

त्यानं काढली. पदर बहिणीच्या गुडघ्यापाशी आला, फेक चांगली होती. तिचे हात मांडीत. त्यानं दुसरी काढली. तिसरी काढली. मी तिच्या मागे उभा होतो. पहिल्यांदाच मी काउंटरच्या या बाजूला होतो.

"थांबा जरा," मी त्याला म्हणालो. मग वाकून बहिणीला विचारलं, "तुला कुठली पाहिजे?"

विहीणबाई म्हणाल्या, घ्या की ताई, मान हाय तुमचा. मेहुणे म्हणाले, घे गं लवकर, जेवायचं हाय. साड्या दाखवणारा अजून एक उलगडायला लागला. आपल्याला सगळं कळतं असं त्याच्या तोंडावर होतं. असं तोंड मी ओळखतो.

बहीण म्हणाली, "मला साडी नको."

विहीणबाईंचा चेहरा उतरला. आपलं काही चुकलं का, असं त्या मेहुण्यांना विचारायला लागल्या. मेहुणे बहिणीकडे बघून म्हणाले, नको काय, असं म्हणत असतात का. आणि मग माझ्याकडे बघितलं, कारण मी मामा, मी कापडातला, मी सांभाळून घेईन. साड्या दाखवणाऱ्यानं हसत हसत पुढची साडी हवेत फेकली. ती माझ्या हातावर पडली. मी धरून ठेवली.

"ती नको म्हणाली," मी म्हणालो. "दुसरी काढू नका. आवरा हे."

त्यानं विहीणबाईंकडे बघितलं, मेहुण्यांकडे बघितलं. मग त्यानं माझ्या हातातून साडी घेतली आणि घडी घालायला लागला.